कातडं, खडू आणि काठी

न्यू जर्सीतलं आमचं घर घेतलं, तेव्हा घराबरोबर एक पूल टेबलही पदरात पडलं. आम्ही ते मागितलं नव्हतं. घराचे आधीचे मालक म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले एक अमेरिकन आजोबा. ते म्हणाले, "ह्या हिरव्या कापडाखाली पाटीच्या दगडाच्या तीन जाड लाद्या आहेत. त्या जिन्यानं वर न्यायच्या म्हणजे चार पैलवान लागतील. तुमच्याकडेच राहू दे." मग टेबल राहिलं आणि भिंतीवरच्या स्टँडमधल्या चार काठ्याही राहिल्या. स्टँड पुसताना त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेले काही आकडे दिसले होते. कसला तरी हिशेब असेल म्हणून मी सोडून दिलं.

पहिली काही वर्षं त्या टेबलाचा उपयोग धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायला आणि मंडळाच्या गणपतीचं मखर रंगवायला झाला. पुढे मुलं मोठी झाली, त्यांचे मित्र येऊ लागले आणि टेबलावर पुन्हा पूल सुरू झाला.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला सात-आठ कुटुंबं जमली होती. वर चकल्या-करंज्या आणि गप्पा, खाली बेसमेंटमध्ये पोरांचा खेळ. मध्येच 'टक्क' असा विचित्र आवाज आला आणि सगळे थांबले. काठीच्या टोकावरचं कातडं उडून सोफ्याखाली गेलं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, टाकून द्या ना ही. वीस-पंचवीस डॉलरला नवीन मिळते."

बरोबरच होतं त्याचं. ह्या देशात वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा नवी आणणं सोपं. पण माझे वडील पुण्याला छत्रीच्या काड्यांपासून स्टोव्हपर्यंत सगळं घरी दुरुस्त करत, आणि आमच्या कॅरमच्या फाटलेल्या जाळ्या दर मे महिन्यात सुतळीनं विणून देत. त्यामुळे हात आपोआप आखडला. मी म्हटलं, "थांब, आधी बघू तरी." त्या रात्री सुरू झालेलं हे 'बघणं' पुढे दोन-तीन महिने चाललं. काठी दुरुस्त कशी करायची हे शोधता शोधता कळलं, की ह्या काठीचा प्रत्येक भाग म्हणजे कुणीतरी कधीतरी केलेली दुरुस्तीच आहे.

आधी 'क्यू' हा शब्दच घ्या. सतराव्या शतकात युरोपातले लोक बिलियर्ड खेळत ते काठीनं नव्हे, तर 'मेस' नावाच्या दांड्यानं. त्याच्या एका टोकाला लाकडाचं जड डोकं असे आणि त्यानं चेंडू ढकलायचा. पण चेंडू टेबलाच्या कडेला जाऊन चिकटला, की ते डोकं मध्ये बसेना. मग खेळाडू दांडा उलटा करून त्याच्या बारीक शेपटानं चेंडू मारू लागले. फ्रेंच भाषेत शेपटाला म्हणतात 'क्यू'. अडचणीतून काढलेली ही पळवाट इतकी सोयीची ठरली, की डोकं गेलं आणि शेपूट राहिलं! बेस्टच्या थांब्यावर आपण ज्या 'क्यू'त उभे राहायचो, तोही हाच शब्द. रांगेचं शेपूट आणि काठीचं शेपूट, दोन्ही एकाच घरातली.

पण नुसत्या लाकडी टोकाला एक खोड होती. चेंडूच्या बरोबर मध्यावर मारलं तर ठीक. जरा बाजूला मारायला गेलं, की टोक सटकायचं. ह्यावर उपाय लोकप्रिय केला तो फ्रान्सच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्यानं. त्याचं नाव फ्रांस्वा मँगो. राजकीय कारणांवरून तो पॅरिसच्या तुरुंगात होता आणि तिथल्या टेबलावर खेळताना त्यानं काठीच्या टोकाला कातड्याची चकती लावून पाहिली, अशी कथा सांगतात. कित्येक ठिकाणी हा तुरुंग म्हणजे बॅस्टिल असं लिहिलेलं असतं. पण बॅस्टिल तर १७८९ साली क्रांतिकारकांनी काबीज केला आणि त्यानंतर तो पाडूनही टाकला. मँगोच्या करामती लोकांनी पाहिल्या त्या १८०७ च्या सुमाराला. तेव्हा तुरुंग कुठला तरी दुसराच असणार. १८२७ साली त्यानं ह्या खेळावर पुस्तकही लिहिलं. कातड्यामुळे चेंडूला खाली, वर, बाजूला कुठेही मारता येऊ लागलं आणि चेंडू फिरकी घेऊन उलटा परत येऊ लागला. आजही तेच कातडं, तशीच चकती. आमच्या सोफ्याखालून जी निघाली ती तेरा मिलिमीटर रुंदीची होती.

आता ही चकती बसवायची कशी? पहिल्या प्रयत्नात मी घाई केली. जुन्या डिंकाचे कण तसेच होते, त्यावरच सुपरग्लू ओतला आणि दाबलं. दुसऱ्याच फटक्याला चकती पुन्हा सोफ्याखाली! मुलानं तोंडानं काही म्हटलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते वीस-पंचवीस डॉलर स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्या वेळी धीर धरला. ब्लेडनं जुना डिंक खरवडून काढला. काठीचं टोक सपाट होईपर्यंत बारीक पॉलिशपेपरवर घासलं; ते जरा जरी तिरकं राहिलं तरी चकती टिकत नाही. नव्या चकतीची खालची बाजूही घासून खरखरीत केली. मग घट्ट जेलसारखा सुपरग्लू अगदी थेंबभर लावला, चकती मधोमध बसवली, दाबून धरली आणि रात्रभर तिला हात लावला नाही. सकाळी काठी उलटी करून टोक लाकडी फळीवर टेकवलं आणि चकतीचा बाहेर आलेला भाग धारदार ब्लेडनं कापला. कडा किंचित ओली करून कातड्याच्या तुकड्यानं जोरजोरात घासली, म्हणजे ती दबून कडक होते आणि फुगत नाही. शेवटी वरचा भाग घुमटासारखा गोल केला. गोलाई किती हवी? त्यासाठी खिशातलं पाच सेंटचं नाणं घ्यायचं. नाण्याच्या कडेची कमान आणि चकतीची कमान जुळली, की झालं. कुणी निकेल वापरतं, कुणी त्याहून लहान डाइम. कातडं आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरते. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते ह्या घुमटावर होतं.

चकती बसली, पण पहिल्या फटक्याला सटकली. "खडू, बाबा!" मुलगा ओरडला. आपल्याला सवय कॅरमची. तिथे सोंगटी सरकावी म्हणून बोरिक पावडर टाकायची. इथे सगळं उलटं, सरकू नये म्हणून खडू लावायचा. पूर्वी खेळाडू म्हणे काठीचं टोक भिंतीच्या किंवा छताच्या चुन्यावर घासत. इंग्लंडमध्ये बाथ ह्या गावी जॅक कार नावाच्या एका खेळाडूनं १८२० च्या दशकात 'फिरकीची पूड' म्हणून डब्या विकल्या. चेंडू फिरवण्याचं सगळं गुपित त्या पुडीत आहे, असं सांगून त्यानं बख्खळ पैसे केले. डबीत निघाला साधा पांढरा खडू! चेंडूच्या ह्या बाजूच्या फिरकीला अमेरिकन लोक अजून 'इंग्लिश' म्हणतात.

आज मिळतो तो निळा खडू मात्र खडू नाहीच. तो शिकागोचा. विल्यम स्पिंक्स हा व्यावसायिक खेळाडू आणि विल्यम होस्किन्स हा रसायनतज्ज्ञ, ह्या दोघांनी सिलिका आणि घासकामाच्या कठीण पुडीचं मिश्रण करून १८९७ साली त्याचं पेटंट घेतलं. ह्याच होस्किन्सबरोबर काम करणाऱ्या अल्बर्ट मार्शनं १९०६ साली निक्रोम तारेचं पेटंट मिळवलं. सकाळी आपल्या टोस्टरमध्ये लाल होते ती हीच तार. एकाच प्रयोगशाळेच्या उंबऱ्यातून पूलचा खडू आणि नाश्त्याचा टोस्ट असे दोघंही बाहेर पडले म्हणायचे.

चकतीच्या खाली काठीला एक पांढरी टोपी असते, तिला फेरुल म्हणतात. फटक्याचा दणका लाकडाला चिरू नये म्हणून ती हवी. आमच्या काठीची प्लॅस्टिकची होती. पण पूर्वी ती हस्तिदंताची असे आणि चेंडूही हस्तिदंताचेच असत. एका सुळ्यातून चांगले चेंडू निघत ते मोजकेच. अमेरिकेत हा खेळ वाढला तसा हत्तींचा संहार वाढला आणि हस्तिदंत महाग झालं. न्यू यॉर्कच्या मायकेल फेलनच्या कंपनीनं १८६३ साली जाहीर केलं, की हस्तिदंताला जो चांगला पर्याय शोधेल त्याला दहा हजार डॉलर.

ऑल्बनीचा जॉन वेस्ली हायट हा पेशानं छापखान्यातला माणूस. तो आणि त्याचा भाऊ रात्रंदिवस ह्यामागे लागले. त्यांनी नायट्रोसेल्युलोज आणि कापूर एकत्र करून तापवला, दाबला आणि १८७० साली पेटंट घेतलं. हेच सेल्युलॉइड. आपल्या आरतीच्या ताटातला कापूर असा अमेरिकन उद्योगाच्या मुळाशी आहे! हायटचे सुरुवातीचे चेंडू जरा तापट होते. त्यानं स्वतः पुढे एक आठवण सांगितली आहे. कोलोरॅडोतल्या एका सलूनवाल्यानं त्याला पत्र लिहिलं, की चेंडूवर चेंडू आपटल्यावर कधीकधी लहानसा बार होतो. माझी काही तक्रार नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो, त्याचं काय करू!

हायटची कंपनी १८७३ च्या सुमाराला ऑल्बनीहून नूअर्कला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीत आली. त्याच नूअर्कमध्ये हॅनिबल गुडविन नावाच्या एका पाद्र्यानं सेल्युलॉइडची लवचिक फिल्म बनवली. फिल्म आली म्हणून सिनेमा आला. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' ज्या पट्टीवर उतरवला, ती ह्याच सेल्युलॉइडची. बिलियर्डच्या चेंडूसाठी शोधलेली वस्तू अशी नाशिकच्या माणसाच्या हाती पडली आणि पडद्यावर तारामती-हरिश्चंद्र उभे राहिले. ते प्लॅस्टिकचं फेरुल मी पुसत होतो तेव्हा हे वाचलेलं आठवलं आणि माझा हात जरा हलका झाला.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या वस्तूंच्या दुकानात हस्तिदंताचं फेरुल असलेली काठी दिसली, तर घेण्याआधी कायदा बघा. आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर अमेरिकेनं २०१६ साली जवळजवळ पूर्ण बंदी घातली. न्यू जर्सीनं तर त्याच्या आधीच, २०१४ साली, हस्तिदंत विकण्यावर बंदी आणली.

फेरुलच्या खाली येतं लाकूड. इथल्या काठीचा वरचा अर्धा भाग मेपलचा. ज्याच्या पाकाबरोबर आपली मुलं पॅनकेक खातात त्याच जातीच्या झाडाचा. ब्रिटिश पद्धतीची स्नूकरची काठी बहुधा ॲशच्या लाकडाची, टोकाला बारीक, आणि तिचं फेरुल पितळेचं. आमच्या काठीच्या मेपलला एक खोक पडली होती. ती भरायची युक्ती हिला, म्हणजे माझ्या बायकोला, पटकन सुचली. ओल्या रुमालाची घडी खोकेवर ठेवून वरून इस्त्रीचं टोक टेकवायचं. वाफेनं लाकडाचे दबलेले तंतू फुगतात आणि खोक वर येते. मग कोरडं झाल्यावर हलक्या हातानं घासायचं. काठी सरळ आहे का, हे टेबलावर घरंगळवून बघायचं. गाडीच्या डिकीत किंवा गराजमध्ये ठेवलेली काठी उन्हा-थंडीनं वाकते आणि वाकलेली काठी घरी सरळ होत नाही. काही गोष्टींची दुरुस्ती म्हणजे त्या आधीच सांभाळणं.

अमेरिकेत ह्या धंद्याचा पाया घालणारी माणसं बघा. जॉन मोझेस ब्रन्सविक हा स्वित्झर्लंडहून आलेला मुलगा, घोडागाड्या बनवणारा सुतार. त्यानं १८४५ साली सिनसिनाटीत पहिलं बिलियर्ड टेबल बनवलं. वर आलेला फेलन हा जन्मानं आयरिश. पुढे दोघांच्या कंपन्या एक झाल्या. शिकागोचा हरमन रँबो ब्रन्सविकमध्ये अनेक वर्षं काठ्या बनवत होता. त्याच्या काठ्या विली मॉस्कोनीसारखे खेळाडू वापरत. हा मॉस्कोनी म्हणजे १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला न चुकता सलग ५२६ चेंडू घालवणारा. त्याचा तो विक्रम २०१९ पर्यंत टिकला.

आणि ह्या सगळ्यांत मला जवळचा वाटला तो जॉर्ज बालाबुश्का. १९१२ साली रशियात जन्म, मूळ नाव ग्रिगोरी. १९२४ साली आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला, नाव बदललं, सुतारकाम केलं, लाकडी खेळणी बनवली. १९५९ साली ब्रुकलिनमध्ये भागीदारीत एक पूलरूम घेतली. तिथल्या काठ्या दुरुस्त करता करता तो स्वतःच बनवू लागला आणि पहिल्या काही काठ्या त्यानं नाताळात मित्रांना भेट म्हणून वाटल्या. सुरुवातीला तो नवं लाकूडही घेत नसे. ब्रन्सविकच्या 'टायटलिस्ट' नावाच्या एकसंध काठ्या घ्यायच्या, त्या कापून मध्ये सांधा बसवायचा, मुठीला आयरिश लिननचा दोरा गुंडाळायचा. म्हणजे एक प्रकारची दुरुस्तीच. १९७५ साली तो वारला, तोवर अंदाजे हजार-बाराशे काठ्या त्याच्या हातून झाल्या होत्या. आज त्यांना व्हायोलिनमधल्या स्ट्रॅडिव्हेरियसचा मान आहे. १९८६ साली स्कॉर्सेसीचा 'द कलर ऑफ मनी' आला, पॉल न्यूमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि बालाबुश्काचं नाव घरोघरी गेलं. गंमत म्हणजे सिनेमात टॉम क्रूझच्या हातात होती ती खरी बालाबुश्का नव्हे. तशी दिसणारी जॉस कंपनीची काठी होती. खऱ्या बालाबुश्काला ठोसे मारायची कुणाची हिंमत होणार?

आता तुम्ही म्हणाल, ह्यात आपलं काय? आपलंही आहे. स्नूकर हा खेळच जन्मला जबलपूरला, १८७५ साली, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन ह्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून. नियमांना आकार आला उटीच्या क्लबात. आणि स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता मिळाला तो बिलियर्डमध्ये. विल्सन जोन्स, जन्म १९२२, गाव पुणे! १९५८ साली कलकत्त्यात त्यानं हौशी बिलियर्डचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा. मुंबईच्या मायकेल फेरेराचा काळ त्यानंतरचा.

पण आपल्या क्लबांत आणि जिमखान्यांत आणखी एक माणूस असायचा, मार्कर. तो गुण मांडायचा, टेबलाचं कापड घासून साफ करायचा, साहेबांना जोडीदार नसेल तर त्यांच्याशी खेळायचा आणि काठ्यांची टोकं बसवायचा. साहेब गेले, मेंबर आपले झाले, मार्कर तिथेच राहिला. भिंतीवरच्या फळ्यांवर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत असतात. ज्यांनी बसवलेल्या चकत्यांवर ती बक्षिसं जिंकली, त्यांची नावं कुठल्याच फळ्यावर नाहीत. बालाबुश्काचं नाव राहिलं, कारण त्याच्या काठीला किंमत आली. दुरुस्ती करणाऱ्या बाकीच्यांचं काय? माझ्या वडिलांनी विणलेल्या जाळ्यांवर तरी कुठे नाव होतं?

हे सगळं मी मुलाला एका दमात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पळून गेला असता. चकती घासता घासता, डिंक वाळेपर्यंत, थोडं थोडं सांगितलं. दुसऱ्या काठीचं टोक त्यानं स्वतः बसवलं आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा नीट बसवलं.

तेव्हाच एकदा स्टँड भिंतीवरून खाली काढला होता. मुलानं मागचे ते पेन्सिलीचे आकडे वाचले आणि म्हणाला, "बाबा, ह्या तारखा आहेत." खरंच, महिना आणि वर्ष. प्रत्येकापुढे इंग्रजी 'टी' अक्षर. टी म्हणजे टिप! पहिली तारीख १९७१ ची, शेवटची १९९८ ची. सत्तावीस वर्षं ते आजोबा ह्याच बेसमेंटमध्ये, ह्याच काठ्यांची टोकं बदलत होते आणि न चुकता टिपून ठेवत होते. आम्ही ज्याला पसारा समजलो होतो, त्याची त्यांनी इतकी निगा राखली होती. घर घेताना त्यांच्याशी आमचं बोलणं झालं ते कर्जाचं, छपराचं आणि फर्नेसचं. ह्याविषयी विचारायचं राहूनच गेलं.

मुलानं पेन्सिल आणली. शेवटच्या तारखेखाली आपली तारीख लिहिली आणि पुढे 'टी' काढला. मग जरा थांबून त्याच्या शेजारी मराठीत 'टि' काढला, वेलांटी ऱ्हस्व. शनिवारच्या मराठी शाळेचा तेवढा उपयोग झाला म्हणायचा.

ह्या दिवाळीला आमच्याकडे याल, तेव्हा फराळ झाल्यावर खाली चला. चारही काठ्या खेळायच्या स्थितीत आहेत. आणि घरी कुणाची टोक उडालेली काठी पडली असेल, तर टाकून देऊ नका, बरोबर घेऊन या. डिंक आणि पाच सेंटचं नाणं आमच्याकडे आहे.